मासा कल्ल्यावरून, मोती वेजावरून : हैदराबादचा बाजार आणि आपले स्वस्त मणी



होड्या शाकारून झाल्या, जाळी सांधायला घेतली, की घरोघरी एकच प्रश्न असतो, बंदीचे दोन महिने चूल कशावर पेटवायची? महिलांच्या बैठकीत सध्या मोत्यांच्या दागिन्यांचा विषय सारखा निघतोय. नथ, तन्मणी, चिंचपेटी, कुड्या. गौरी-गणपतीला खप हमखास, त्यामागून नवरात्र आणि तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. जाळं विणणाऱ्या हाताला गाठ शिकवावी लागत नाही, त्यामुळे काम आपल्याला जमण्यासारखंच आहे. फक्त प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं, "हैदराबादहून मोती आणूया, तिकडं खरे आणि स्वस्त मिळतात."

हे वाक्य अर्धंच बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात पैसे बुडतात. म्हणून हा पाठ जरा सविस्तर. नाखवा मंडळींनीही वाचावा, कारण भांडवल बहुतेक वेळा त्यांच्याच खिशातून जाणार आहे.

आधी हैदराबादचं नाव कशामुळे झालं ते समजून घेऊ. हैदराबादला समुद्र नाही. मुसी नदी आहे, हुसेनसागर तलाव आहे, पण नावाजलेला मोती काही त्यांतून निघाला नाही. तो यायचा इराणच्या आखातातून. बहारीन, कुवेत या भागात पाणबुडे दम धरून तळाशी जायचे आणि शिंपले वर आणायचे. बसरा हे व्यापाराचं बंदर, म्हणून 'बसरा मोती'. आपल्या जुन्या नथींमध्ये ज्याचं कौतुक चालतं तो हाच. त्या मोती काढणाऱ्या गलबतांच्या कप्तानाला 'नाखुदा' म्हणत. आपला 'नाखवा' त्याच घरातला शब्द. त्या पाणबुड्यांची स्थितीही आपल्याला अनोळखी वाटणार नाही. हंगामाआधी उचल घ्यायची, हंगाम संपला तरी ती फिटायची नाही, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गलबतावर. लाखमोलाचा मोती काढणारा जन्मभर कर्जात.

हा माल मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या बाजारात यायचा. इथं तो निवडला जायचा, विंधला जायचा, 'चव' या मापानं त्याची किंमत ठरायची. हैदराबादचे निजाम आणि त्यांचे सरदार हे त्याचे मोठे गिऱ्हाईक. दरबारात मागणी, म्हणून निवडणारे, वेज पाडणारे, गाठवणारे कारागीर चारमिनारच्या आसपास वसले. निजामाच्या खजिन्यातले १७३ जिन्नस भारत सरकारनं १९९५ साली सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. त्यात बसरा मोत्यांचा सात सरांचा 'सतलडा' आहे. २००१ आणि २००६ साली हे दागिने हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात लोकांना पाहायला मांडले होते.

पुढं जपानमध्ये मिकिमोटो यांनी १८९३ साली शिंपल्यात अर्धगोल मोती पिकवून दाखवला. मागोमाग पूर्ण गोल मोतीही पिकू लागले आणि बाजारात आले. त्यात १९२९ नंतरची जागतिक मंदी आली, आखातात तेल सापडलं आणि पाणबुड्यांचा धंदा संपला. पण हैदराबादचे कारागीर बसून राहिले नाहीत. त्यांनी कच्चा माल बदलला. आज तिथल्या दुकानांतला बहुतेक मोती चीनच्या तळ्यांत पिकवलेला, गोड्या पाण्याचा असतो. तो तिथं येतो, वेज पाडले जातात, पांढरा केला जातो, आकार-रंगावर निवडला जातो आणि सरात ओवला जातो. म्हणजे 'हैदराबादी मोती' या नावात हैदराबादचं काय, तर हात. मोती दुसरीकडचा, कसब तिथलं.

आपल्यालाही तेच करायचं आहे. मणी कुठलाही असो, विकायचं आहे ते आपल्या हाताचं काम.

आता बाजारात काय काय मिळतं ते पाहू. सगळ्यांना सरसकट 'मोती' म्हणतात, तिथंच घोळ होतो.

गोड्या पाण्याचा मोती खरा असतो. शिंपल्यातच पिकतो, पण माणसानं लावलेला. एका शिंपल्यात एकाच वेळी पुष्कळ मोती धरतात, म्हणून तो परवडतो. बहुतेकांत आत मणी नसतो, सगळा मोत्याचाच थर. त्यामुळे तो अगदी गोल क्वचितच येतो. तांदळासारखा लांबट, बटाट्यासारखा, एका बाजूनं चपटा असे आकार जास्त. लांबट आणि चपटे सर गोल सरापेक्षा खूप स्वस्त पडतात. तन्मण्याच्या बारीक सरांना लांबट मोती सुरेख दिसतो, उगाच गोलाच्या मागं लागू नका. गोल, एकसारखा, पाणीदार सर फारच स्वस्त मिळत असेल तर तो बहुधा दुसराच काही आहे.

शेल पर्ल हे नाव ऐकून पुष्कळजण फसतात. शिंपल्याची जाड कवटी घासून गोल मणी करतात आणि वरून मोतिया लेप देतात. माल शिंपल्याचा खरा, पण मोती नव्हे. वजन आणि गारवा खऱ्यासारखा, आकार अगदी एकसारखा. तेच काचमोत्याचं, काचेचा मणी आणि वर लेप. चांगल्या लेपाचा काचमोती नीट वापरला तर बरीच वर्षं टिकतो, आणि आपल्या कामासाठी आम्हाला तोच सगळ्यात पसंत आहे. प्लास्टिक मोती सगळ्यात हलका, सगळ्यात स्वस्त. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, त्याची जागा वेगळी आहे. ती पुढं सांगतो.

या लेपाची गोष्ट मात्र आपल्या लोकांनी ऐकायलाच हवी. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये जाकँ नावाचा जपमाळा बनवणारा कारागीर होता. नदीतले बारीक रुपेरी मासे धुतलेल्या पाण्यावर चांदीसारखी चमक तरंगते, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं खवल्यांची ती चांदी गोळा करून पोकळ काचमण्यांच्या आतून फासली आणि पोकळीत मेण भरलं. युरोपातला नामांकित नकली मोती असा माशापासून झाला. त्या चमकदार पदार्थाचं नाव ग्वानिन. वाकट्या साफ करताना तुमच्या हाताला, पाटीला, साडीच्या पदराला जी चांदी लागते आणि धुतली तरी जात नाही, ती हीच. जपानकडे तर वाकटीच्याच जातीच्या माशाची चांदी नकली मोत्यांना वापरत. पुढं लेप मण्याच्या बाहेरून देऊ लागले, आणि हल्ली बराचसा लेप अभ्रकाच्या चमकीचा किंवा कारखान्यात केलेला असतो.

हे वाचून कुणी घरी वाकट्यांची चांदी खरवडायला बसू नका! ती पूर्ण शुद्ध केली नाही तर वास राहतो आणि लेप धरत नाही. तो कारखान्याचा धंदा आहे. पण "नकली मोती म्हणजे फसवणूक" असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, या नकली मोत्यालाही साडेतीनशे वर्षांचं घराणं आहे. फसवणूक मण्यात नसते, नावात असते.

ओळखायचं कसं? बाजारात मासा घेताना आपण आधी कल्ला उघडून पाहतो. मोत्याचा कल्ला म्हणजे त्याचा वेज. सर हातात घेऊन दोन मणी जरा बाजूला सरकवा आणि भोकाच्या कडेकडे पाहा. लेपाचा मणी असेल तर कडेला लेप सोललेला, जाड झालेला किंवा बारीक फुगलेला दिसतो, आणि आत वेगळा रंग, काचेचा किंवा प्लास्टिकचा. खऱ्या मोत्याचा वेज बारीक, कडा स्वच्छ, आतबाहेर एकच पदार्थ. मोबाईलचा कॅमेरा मोठा करून पाहिलं तरी कळतं.

दुसरी खूण म्हणजे दोन मणी एकमेकांवर हलके घासा किंवा दातांच्या कडेवर फिरवा. खरा मोती किंचित रवाळ लागतो, अगदी बारीक वाळूसारखा. लेपाचा गुळगुळीत सरकतो. काही लेप मुद्दाम खरखरीत करतात, तेव्हा एकट्या या खुणेवर जाऊ नका, वेज पाहाच.

आता दुकानातला खेळ. लायटर पेटवून मोत्यावर धरतात आणि म्हणतात, "पाहा, जळला नाही, म्हणजे खरा." अहो, काचही जळत नाही! आगीनं फार तर तो प्लास्टिक नाही एवढंच कळतं. ब्लेडनं खरवडून पांढरी भुकटी दाखवतात ती खूण त्यापेक्षा बरी, पण दाखवायचा मणी वेगळा आणि बांधून दिलेला सर वेगळा, असं झालं तर काय करणार? आपण निवडलेल्या सरातलाच मणी तपासायचा. आणि खरा मोती समुद्रात आपोआप झालेला की पिकवलेला, हे डोळ्यानं कुणालाच सांगता येत नाही. त्याला प्रयोगशाळेत एक्स-रे लागतो. 'अस्सल बसरा' म्हणून कुणी स्वस्तात देऊ लागला तर पाकीट आत ठेवा.

कुठल्या दागिन्याला कुठला मणी, हे ठरवताना आधी वजन बघा. 'नाकापेक्षा मोती जड' ही म्हण उगाच पडलेली नाही. १६ इंची सराला ४ मिलिमीटरचे साधारण १०० मणी लागतात, ६ मिलिमीटरचे ६७ आणि ८ मिलिमीटरचे ५०. आता पाच सरांचा तन्मणी धरा, ४ मिलिमीटरचे ५०० मणी. काचेत त्याचं वजन ४० ग्रॅमच्या आसपास जातं, प्लास्टिकमध्ये १६-१७ ग्रॅम, गोड्या पाण्याच्या मोत्यात ४० च्या थोडं वर. मोठ्या बाईच्या गळ्यात काचेचा तन्मणी छान बसतो, पडतो कसा ते वजनामुळेच कळतं. प्लास्टिकचा गळ्यावर नाचत राहतो आणि लगेच ओळखू येतो. पण लहान मुलीच्या गळ्यात, नाटकाच्या किंवा गॅदरिंगच्या कपड्यांवर, आणि मुख्य म्हणजे गौरींच्या मुखवट्यांना प्लास्टिकच घ्या. मुखवट्याच्या नाकाला जड नथ टिकत नाही, आणि तो दागिना वर्षातून तीन दिवसच बाहेर येतो.

नेसायच्या नथीत आम्ही मधला मार्ग सुचवू. पुढं दिसणारे दोन-तीन मणी गोड्या पाण्याचे, बाकी बारीक काचमोती. खर्च फार वाढत नाही आणि पाणी वेगळंच दिसतं. मात्र चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहायची. चापाची नथ असेल तर चापावर पैसे वाचवू नका. मणी दहा वर्षं टिकेल आणि चाप पहिल्याच लग्नात सैल होईल, तर गिऱ्हाईक नथीलाच शिव्या घालणार.

कुड्यांना सात मणी एकसारखे हवेत, तिथं काचमोती किंवा शेल पर्ल चांगला. गोड्या पाण्याचे सात सारखे निवडायला बसलात तर अर्धा सर बाजूला पडतो.

आपल्याकडची हवा खारी, हे विसरू नका. हैदराबादच्या कोरड्या हवेत टिकणारी पॉलिशची तार इथं एका पावसाळ्यात हिरवी पडते. तार, चाप, आकडे निवडताना जाड पॉलिशचा माल घ्या, आणि एक नमुना घरात उघडा टांगून महिनाभर पाहा. मग बाकीचा माल भरा. लेपाच्या मण्याला घाम, अत्तर, स्प्रे, सॅनिटायझर चालत नाही. खऱ्या मोत्यालाही नाहीच. तो चुन्याच्या जातीचा, लिंबू-व्हिनेगरनं चक्क झिजतो. मोत्याचं पाणी एकदा उतरलं की परत चढत नाही. मासळी बाजारात रोज घालायची वस्तू म्हणून मोत्याचा दागिना विकूच नये, असं आमचं मत आहे.

दोऱ्याबद्दल. घरात तंगूस पडलेला असतो, हात तिकडंच जातो. तो नको. तंगुसाला वळण राहतं, सर गळ्यावर नीट पडत नाही, गाठ सरकते, आणि काही काळानं तो कडक होऊन तुटतो. पिळाचा नायलॉन दोरा घ्या. रेशीम खऱ्या मोत्याला शोभतं, पण काचमोत्याच्या वेजाची कड धारदार असते, रेशीम कापलं जातं. दोन मण्यांमध्ये गाठ मारायची पद्धत जरूर ठेवा. एक तर मणी मण्यावर घासत नाही, लेप वाचतो. दुसरं म्हणजे दोरा तुटलाच तर एकच मणी घरंगळतो, सगळा सर पंक्तीत सांडत नाही. ६ मिलिमीटरच्या मण्याला प्रत्येक गाठ साधारण एक मिलिमीटर धरली, तर १६ इंचांत ६७ ऐवजी ५८ मणीच लागतात. गाठीला वेळ लागतो, पण मणी वाचतात. दोरा मात्र सराच्या दुपटीहून जास्त कापून घ्या.

शिंपले आपल्या किनाऱ्यावरच मिळतात, मग विकत कशाला, हा प्रश्न येणारच. जेवणात खाल्लेल्या तिसऱ्या-कालवांच्या कवट्या धुऊन लटकन करायला हरकत नाही. पण जाळ्यात येणारे समुद्रपंखे, काळं पोवळं, कुठलंही प्रवाळ यांना हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत ते २००१ पासून आहेत. जुन्या गोव्याच्या घरांच्या खिडक्यांना लावलेला चपटा, अर्धपारदर्शक शिंपला असतो ना, तोही त्या कायद्याच्या यादीत आहे. "जाळ्यात आला होता" म्हणून विकता येत नाही. आला तर पाण्यात सोडा.

आता हिशेब. आकडे फक्त समजावण्यासाठी घेतलेत, तुमचे तुम्ही घाला. समजा एका चिंचपेटीला मणी ६० रुपयांचे, खडे-पट्ट्या-आकडा ९०, दोरा-गोंडा १०, डबी १५, फुटतूट १५. झाले १९०. बहुतेकजणी इथंच थांबतात आणि २५० ला विकून ६० रुपये सुटले म्हणतात. पण तीन तास बसलात त्याचं काय? तासाला ६० धरले तरी १८० होतात. म्हणजे घरातच ती ३७० ला पडली. २५० ला विकली तर तुम्ही गिऱ्हाइकाला १२० रुपये पदरचे देताय. होडीवर डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा पै-पैनं मोजणारे आपण, घरातल्या बाईचे तास मोजायला का विसरतो? हे नाखवा मंडळींना उद्देशून आहे.

आणि किंमत ३७० च्या वर ठेवायची तर माल खऱ्या नावानं विकावा लागतो. चिठ्ठीवर साधं लिहा : 'काचमोती. तांब्याच्या तारेवर पॉलिश. अत्तर-पाण्यापासून जपा. दोरा तुटल्यास गाठवून मिळेल.' व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतानाही हेच. काचेला 'खरे हैदराबादी मोती' लिहून विकणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरते, तक्रार झाली तर परतावा आणि वर भरपाई. कायदा राहू द्या, चार दिवसांचं बर्फातलं पापलेट 'आजचं' म्हणून दिलं की ती वहिनी पुन्हा आपल्या पाटीकडे फिरकत नाही, हे आपल्याइतकं कुणाला माहीत आहे? 'गाठवून मिळेल' ही ओळ मात्र विसरू नका. दुकानदार ती लिहीत नाही, आणि गिऱ्हाईक दोन वर्षांनी त्या निमित्तानं परत येतं.

खरेदीला कुठं जायचं? काच आणि प्लास्टिकच्या मण्यांसाठी हैदराबादला जायचं काहीच कारण नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी पुरेशी आहे. हैदराबाद गाठायचं ते गोड्या पाण्याच्या मोत्यासाठी, आणि तेही चार-पाच गटांची मागणी एकत्र झाली तरच. मुंबईहून हुसेनसागर एक्स्प्रेसनं रात्रीचा प्रवास. बाजार चारमिनारजवळ, पत्थरगट्टीचा. भाषेची अडचण येत नाही, हिंदी चालते. शहरात जुनी मराठी वस्तीही आहे, मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होता ना. स्टेशनबाहेर "माझ्या ओळखीचं दुकान" म्हणणाऱ्या रिक्षावाल्याबरोबर जाऊ नका, त्याचं कमिशन तुमच्याच सरात ओवलेलं असतं. पहिल्या दुकानात नुसतं पाहा, तिसऱ्यात घ्या. भाव सरावर सांगताहेत की वजनावर, ते आधी विचारा. वजनावर असेल तर दोरा आणि गोंडे काढून तोलायला लावा. दिव्याखाली निवडू नका, सर घेऊन दाराशी उजेडात या, पांढऱ्या कागदावर ठेवा. दोन सर शेजारी ठेवले की एक पिवळसर, एक गुलाबी झाक दिसते. एका तन्मण्यात त्या मिसळल्या तर दागिना जुना वाटतो. बिलावर 'गोड्या पाण्याचे कल्चर मोती', आकार आणि वजन लिहून घ्या, नुसतं 'मोती' लिहिलेलं बिल घेऊ नका.

जाताना घरून चार गोष्टी न्या : मिलिमीटरची पट्टी, पांढरा कागद, आपण वापरतो तो दोरा आणि सुई. वेज बारीक असतो. दोरा दुहेरी जात नसेल तर तो सर कितीही सुंदर असला तरी आपल्या कामाचा नाही. प्रत्येक सरातले दोन्ही टोकांचे आणि मधले मिळून पाच-सहा मणी दुकानातच ओवून पाहा. दुकानदार कुरकुरला तर पुढच्या दुकानात.

गौरींच्या मागणीसाठी मुखवट्याचं माप आधीच घ्या, नाकाचं भोक कुठल्या बाजूला आहे तेही. काही मुखवट्यांना भोकच नसतं, तिथं चापाची नथ लागते. आषाढ संपायच्या आत नमुने तयार असतील तरच श्रावणात ऑर्डर येतात.